तोफेचा गोळा आणि पडद्यावरील चेंडू

रणगाडे, विमानें व पाणबुड्या यांची माहिती जमविणें, संगणकाचे सुटे भाग जुळवून यंत्र उभें करणें, आणि त्या यंत्रावर खेळ खेळणें, हे तीन छंद बहुधा एकाच मुलाच्या अंगीं आढळतात. वडील मंडळी हें पाहून कपाळास आठ्या घालतात. त्यांच्या मतें पहिला छंद क्रूर, दुसरा खर्चिक व तिसरा आळशी. आम्हांस स्वतःस हा तिहेरी छंद असल्यामुळें या आक्षेपाचा विचार करणें भाग पडलें. आणि विचार करतां करतां असें दिसून आलें कीं, हे तीन छंद म्हणजे एकाच झाडाच्या तीन फांद्या होत. त्या झाडाचें मूळ कोठें आहे, त्याचा विस्तार कसा झाला, व त्याच्या सावलींत बसणारानें कोणती सावधगिरी बाळगावी, हें वाचकांपुढें मांडावें, असा या लेखाचा हेतु आहे.

युद्ध आणि खेळ यांची सोयरीक मुळींच नवी नाहीं. आपलें बुद्धिबळ ज्या चतुरंगापासून निघालें, त्याच्या नांवांतच हत्ती, घोडे, रथ व पायदळ हीं सेनेचीं चार अंगें आहेत. इ. स. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें नकाशावर खेळावयाचा एक युद्धखेळ सिद्ध केला व तो तेथील सैन्यानें अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं स्वीकारला. परंतु या जुन्या सोयरिकींत गणितयंत्राचा शिरकाव झाला तो विसाव्या शतकांत. आणि त्यास कारण झाला तोफेचा गोळा.

तोफ डागणारास एक गोष्ट अचूक ठाऊक असावी लागते. तोफेची नळी किती अंशांनीं वर उचलली असतां गोळा किती दूर जाऊन पडेल? हवा नसती तर हा प्रश्न वरच्या इयत्तेंतील विद्यार्थीहि सोडवूं शकला असता. कारण मग गोळ्याचा मार्ग म्हणजे साधा अन्वस्त होय. परंतु हवा गोळ्यास अडविते. तो अडथळा वेगाप्रमाणें बदलतो. उंची वाढली कीं हवा विरळ होते. आणि वारा गोळ्यास आडवा लोटतो. अशा स्थितींत एका सूत्रानें उत्तर निघत नाहीं. मग गणिती वेळाचे बारीक तुकडे पाडतो. एका तुकड्याच्या आरंभीं गोळा कोठें आहे व त्याचा वेग किती आहे हें घेऊन, तो तुकडा संपतांना गोळा कोठें असेल व वेग किती उरेल हें तो काढतो. तेंच उत्तर पुढच्या तुकड्याचा आरंभ म्हणून धरतो. आणि गोळा जमिनीस टेकेपर्यंत ही क्रिया पुन्हां पुन्हां करीत राहतो. रीत सोपी, पण श्रम अपार. हातानें चालविण्याच्या गणितयंत्रावर एकेका मार्गाचा हिशेब करण्यास कुशल माणसास सुमारें २० तास लागत. आणि एका तोफेचें कोष्टक पुरें करावयाचें तर असे हजारों मार्ग मोजावे लागत.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत हें काम गणित शिकलेल्या तरुण स्त्रियांकडे सोंपविलें होतें. त्या स्त्रियांनाच ‘कंप्यूटर’ म्हणत. काम इतकें तुंबलें कीं, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील जॉन मॉकली व प्रेस्पर एकर्ट यांनीं विजेवर चालणारें गणितयंत्र करण्याची योजना पुढें आणतांच इ. स. १९४३ मध्यें सैन्यानें त्यांस पैसा पुरविला. तेंच ‘एनिअ‍ॅक’ यंत्र होय. जुन्या रेडिओंत असत तशा सुमारें १८,००० निर्वात नळ्या त्यांत होत्या, व वजन सुमारें ३० टन होतें. इ. स. १९४६ च्या फेब्रुवारींत तें लोकांस दाखविण्यांत आलें, तेव्हां त्यानें गोळ्याच्या मार्गाचा हिशेब खरा गोळा जमिनीवर पडण्यास लागेल त्याहूनहि कमी वेळांत करून दाखविला. मात्र तोंपर्यंत महायुद्ध संपून गेलें होतें. यंत्राच्या तारा व खुंट्या जुळवून त्याकडून हें गणित करवून घेणाऱ्या केथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज व त्यांच्या चार सहकारिणी यांचीं नांवें पुढें कित्येक वर्षें कोणी घेतलीं नाहींत, हेंहि येथें नमूद करणें आवश्यक आहे.

आतां त्या गोळ्याचा चेंडू कसा झाला तें पाहूं. न्यूयॉर्क संस्थानांतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या नांवाचे पदार्थविज्ञानवेत्ते होते. इ. स. १९५८ च्या ऑक्टोबर महिन्यांत प्रयोगशाळा पाहावयास लोक यावयाचे होते. निर्जीव यंत्रें पाहून पाहुणे कंटाळतात, त्यांस हात लावून पाहण्याजोगें कांहीं असावें, असें हिगिनबॉथम यांस वाटलें. प्रयोगशाळेंत एक लहानसा संगणक होता. बंदुकीची गोळी, क्षेपणास्त्र व उसळणारा चेंडू यांचे मार्ग पडद्यावर कसे काढावे, याचीं उदाहरणें त्याच्या माहितीपुस्तकांतच दिलेलीं होतीं. हिगिनबॉथम यांनीं त्यांपैकीं चेंडू उचलला. सुमारें ५ इंचांच्या वाटोळ्या पडद्यावर टेनिसचें मैदान बाजूनें दिसे; मध्यें जाळें, आणि त्यावरून जाणारा प्रकाशाचा ठिपका. खेळणारानें बटण दाबून चेंडू टोलवावा व कळ फिरवून त्याची दिशा ठरवावी. शेंकडों लोक हा खेळ खेळण्यासाठीं रांगा लावून उभे राहिले.

हे हिगिनबॉथम कोण, हें समजल्यावर आम्ही क्षणभर स्तब्ध झालों. युद्धकाळीं लॉस अलामोस येथें पहिला अणुबाँब तयार होत असतां तेथील इलेक्ट्रॉनिक्स विभागाचें प्रमुखपद त्यांच्याकडे होतें. युद्ध संपल्यावर अण्वस्त्रांस आळा घालण्यासाठीं शास्त्रज्ञांचा जो संघ अमेरिकेंत निघाला, त्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. आणि हें काम त्यांनीं पुढें अनेक वर्षें केलें. आपल्या खेळाचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. लोकांनीं आपली आठवण खेळासाठीं न ठेवतां अण्वस्त्रविरोधी कार्यासाठीं ठेवावी, अशी त्यांची इच्छा होती. एकाच मनुष्याच्या हातून बाँबचीं मंडलें, चेंडूचा खेळ आणि शस्त्रनियंत्रणाचें कार्य अशीं तिन्ही झालीं, ही गोष्ट आम्हां छंदिष्टांस पुष्कळ शिकविणारी आहे.

यापुढील इतिहास वेगानें पुढें सरकतो. इ. स. १९६२ मध्यें मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेंत स्टीव्ह रसेल व त्यांचे मित्र यांनीं दोन अवकाशयानांच्या लढाईचा ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. नाझींच्या छळामुळें लहानपणीं जर्मनी सोडावी लागलेले राल्फ बेअर हे अमेरिकेंत लष्करी उपकरणें करणाऱ्या एका कंपनींत काम करीत. त्यांच्या कल्पनेंतून घरच्या दूरचित्रवाणी-संचास जोडावयाचें ‘ओडिसी’ हें पहिलें खेळयंत्र इ. स. १९७२ मध्यें बाजारांत आलें. निर्वात नळीची जागा ट्रान्झिस्टरनें घेतलीच होती. पुढें अनेक ट्रान्झिस्टर एकाच चकतीवर बसविण्याची युक्ति इ. स. १९५८-५९ मध्यें जॅक किल्बी व रॉबर्ट नॉइस यांनीं काढली. त्या महागड्या चकत्यांचे आरंभींचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे ‘मिनिटमन’ क्षेपणास्त्र व चंद्रावर जाणारें ‘अपोलो’ यान. त्यांनीं किंमत मोजली म्हणून कारखाने चालले, कारखाने चालले म्हणून चकत्या स्वस्त झाल्या, व स्वस्त झाल्या म्हणून त्या आमच्या टेबलापर्यंत पोंचल्या.

संगणक जुळविणारे आमचे मित्र ज्या भागाविषयीं सर्वांत अधिक बोलतात, तो म्हणजे चित्रें काढणारा चित्रप्रोसेसर. त्याचें काम समजण्यासाठीं थोडा हिशेब करावा. सामान्य पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके झाले. खेळ चालू असतां चित्र सेकंदास ६० वेळां नव्यानें काढलें, तर दर सेकंदास १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. मुख्य प्रोसेसर हा एखाद्या व्युत्पन्न पंडितासारखा आहे. कठीण गणित तो झटकन सोडवितो, पण एका वेळीं थोडींच. चित्रप्रोसेसर म्हणजे हजारों विद्यार्थ्यांचा वर्ग. प्रत्येकास एक सोपें गणित दिलें कीं सर्वांचीं उत्तरें एकदम तयार. आणि गणित तरी कोणतें? गोळीचा मार्ग असो कीं चेंडूची उडी, वेळाचे तुकडे पाडून पुढची जागा काढण्याची जी रीत वर सांगितली, तीच येथेंहि चालते.

येथून प्रवाह उलट दिशेस वाहूं लागतो. पूर्वी सैन्याचें यंत्र खेळाकडे आलें. आतां खेळाचें यंत्र सैन्याकडे जाऊं लागलें. इ. स. २०१० मध्यें अमेरिकेच्या वायुसेनेच्या संशोधनशाळेनें सुमारें १७०० ‘प्लेस्टेशन ३’ यंत्रें एकत्र जोडून एक महासंगणक उभारला. कारण तितक्याच शक्तीचें दुसरें यंत्र फार महाग पडलें असतें. इ. स. २०१८ मध्यें सेवेंत दाखल झालेल्या ‘कोलोरॅडो’ पाणबुडीवरील निरीक्षणस्तंभ फिरविण्यासाठीं ‘एक्सबॉक्स’ची साधी मूठ दिली आहे. तरुण नाविकांस ती शिकवावीच लागत नाहीं.

या दुहेरी स्वरूपाची झळ आपल्या देशासहि लागली आहे. इ. स. १९८० नंतरच्या दशकांत भारतास मोठा ‘क्रे’ संगणक हवा होता. परंतु जें यंत्र पावसाचें भाकित करील तेंच अस्त्राचा हिशेबहि करील, या शंकेनें अमेरिकेनें तो देण्याचें नाकारलें. तेव्हां इ. स. १९८८ मध्यें पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं इ. स. १९९१ मध्यें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्यांतहि युक्ति तीच. पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्याकडून एकदम काम करवून घ्यावयाचें.

आतां वडील मंडळींच्या आक्षेपाकडे वळूं. हा छंद क्रूर आहे काय? इ. स. १९८० मध्यें अटारी कंपनीचा ‘बॅटलझोन’ हा रणगाड्यांचा खेळ निघाला. तो पाहून सैन्याच्या वतीनें कंपनीकडे अशी मागणी आली कीं, यावरूनच तोफा चालविणाऱ्यांस शिकविण्याचें यंत्र करून द्यावें. खेळाचे रचनाकार एड रॉटबर्ग यांस ही गोष्ट रुचली नाहीं. पुन्हां असलें काम आपणांस सांगूं नये, अशी अट घालून त्यांनीं तें नाइलाजानें पुरें केलें. रणगाड्यांचा खेळ रचणाऱ्याच्या अंतःकरणास खेळ व हत्या यांतील सीमा स्पष्ट दिसत होती. ती खेळणाऱ्यासहि दिसली पाहिजे.

गोळ्याचें व चेंडूचें समीकरण एकच आहे. भेद आहे तो इतकाच कीं, चेंडू जेथें पडतो तेथें कोणाचें घर नसतें, आणि डाव हरला तर तो पुन्हां मांडतां येतो. गोळा पडतो तेथें कोणाची तरी आई चुलीपाशीं बसलेली असते, व तो डाव पुन्हां मांडतां येत नाहीं. हा भेद ज्यास विसरावासा वाटत नाहीं, त्यानें हा छंद खुशाल करावा; यंत्र उघडून पाहावें, त्यामागील गणित शिकावें, आणि वेळ व पैसा यांचा हिशेबहि तितक्याच चोखपणें ठेवावा. तरवारींचे फाळ होण्याची जी आशा आमच्या प्रार्थनामंदिरांत यशयाच्या ग्रंथांतून वाचून दाखविली जाते, ती आपोआप फळास येत नाहीं. हिगिनबॉथम यांच्यासारखा कोणी जाणता मनुष्य पुस्तकांतील तीन उदाहरणांपैकीं गोळी व क्षेपणास्त्र सोडून चेंडू उचलतो, तेव्हां तिचा थोडासा अंश खरा होतो. उद्यां हीं यंत्रें आमच्याच पिढीच्या हातीं येणार आहेत, आणि मग हीच निवड आम्हांसहि करावी लागेल.