तंबू, थंडी आणि डिझेलची टिकटिक

हॉस्टेलवर राहणाऱ्याला थंडीबद्दल सांगायला जाणं म्हणजे तसं धाडसच. डिसेंबरात पहाटे बादलीभर गरम पाण्यासाठी रांग लावणारे आपण, 'थंडी काय ती आम्हाला सांगू नका' असा आपला गोड गैरसमज असतो. माझाही होता. तो हरिश्चंद्रगडावर थोडा हलला आणि स्पितीत पार निघून गेला.

आधी हरिश्चंद्रगडाचं सांगतो, कारण हा लेख खरं म्हणजे तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या वर्षाला होतो. जानेवारीची रात्र, एका तंबूत आम्ही चौघं. पिठलं-भाकरी झाल्यावर चुलीत मस्त लाल निखारे उरले होते. आमच्यातल्या एका विद्वानाने ते पत्र्याच्या डब्यात भरून सरळ तंबूत आणले. "अरे, धूर आहे का? नाही ना? मग झालं तर!" आम्हालाही पटलं. चेन लावली आणि झोपलो. मध्यरात्री सगळ्यांचंच डोकं ठणकायला लागलं. एकाला उलटी होईलसं वाटलं म्हणून तो चेन उघडून बाहेर पळाला, आणि ती चेन उघडीच राहिली. सकाळी आम्ही सगळा दोष पिठल्याला देऊन मोकळे झालो.

पुढे आय.सी. इंजिन्सच्या तासाला उत्सर्जनाचं प्रकरण शिकताना फळ्यावर कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं लिहिली गेली : डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, गुंगी. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. पिठलं निर्दोष होतं! त्या मित्राला मळमळलं नसतं, तर हा लेख लिहायला मी बहुधा नसतो.

धूर नाही म्हणजे धोका नाही?

हा वायू दिसत नाही, वास येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे-अडीचशे पट जास्त घट्ट धरतो. म्हणजे मेसमध्ये पाहुण्यांनी येऊन सगळी ताटं अडवून ठेवावीत आणि मेंबरांनी उपाशी उभं राहावं, तसा प्रकार. हवेत याचं प्रमाण २०० पीपीएम असेल तर दोन-तीन तासांत डोकं दुखतं. ८०० पीपीएमला पाऊण तासात गरगरतं आणि दोन तासांत शुद्ध हरपते. १६०० पीपीएमला तासाभरात माणूस दगावू शकतो. झोपलेल्या माणसाला तर डोकं दुखतंय हेही कळत नाही.

म्हणजे प्रश्न सरळ आहे. तंबूत ऊब हवी, पण जाळ नको. उत्तर ट्रकवाल्यांकडे आहे.

हे यंत्र आहे तरी काय?

युरोपात रात्री रस्त्याकडेला थांबणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये, इंजिन बंद ठेवून ऊब मिळावी म्हणून डिझेलवर चालणारे छोटे हीटर वापरतात. एबरस्पेशर आणि वेबास्टो या जर्मन कंपन्यांची नावं यात जुनी. आता टाकी, पंप, कंट्रोलर सगळं एकाच पेटीत बसवलेली स्वस्त चिनी यंत्रंही मिळतात. पेटी उचला आणि चला. आम्हाला तसंच एक २ किलोवॅटचं यंत्र एका सीनियरने वापरायला दिलं.

आतली रचना इतकी सोपी आहे की व्हायवाला विचारली तर आवडेल. बटण दाबलं की ग्लो प्लग लाल होतो. छोटा पंप 'टिक... टिक...' करत मोजून थेंब-थेंब डिझेल सोडतो. ते जाळीवर पसरतं, त्याची वाफ होते आणि ती पेटते. ज्योतीला लागणारी हवा बाहेरून येते आणि जळका वायू सायलेन्सरच्या नळीतून बाहेरच जातो. या ज्योतीभोवती ॲल्युमिनियमचा पंख्यांचा हीट एक्स्चेंजर असतो. दुसऱ्या बाजूने पंखा स्वच्छ हवा त्यावरून ढकलतो आणि ती गरम हवा जाड पाइपातून तंबूत येते.

सगळी गंमत या दोन वेगळ्या वाटांत आहे. जळणारी हवा आणि आपण घेतो ती हवा यांची भेट होता कामा नये. डब्यातल्या निखाऱ्यांत आणि या यंत्रात फरक आहे तो एवढाच, पण तो जीवन-मरणाचा आहे.

दुसरा फायदा कोरडेपणाचा. एक लिटर डिझेल जळलं की लिटरभराहून थोडं जास्तच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. धुराडं नसलेली शेगडी ती सगळी वाफ तंबूत सोडते. ती कापडावर जमते, गोठते आणि पहाटे आपल्याच अंगावर बर्फ पडतो. डिझेल हीटरमध्ये ती नळीवाटे बाहेर जाते.

थोडं गणित (घाबरू नका)

चार जणांच्या तंबूचं बाहेरचं क्षेत्रफळ धरा १६ चौरस मीटर. बाहेर उणे १८, आत ७ अंश हवेत, म्हणजे फरक २५ अंशांचा. एकेरी कापडातून दर चौरस मीटरमागे, दर अंशाला साधारण ६ वॅट उष्णता निसटते. गुणाकार केला तर २४०० वॅट. दुहेरी कापडाचा तंबू असेल तर हेच जवळपास निम्म्यावर येतं, सांगायला १३०० वॅट. वारा सुटला की आकडा वाढतो, हे आलंच.

एका लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते. कार्यक्षमता ७५ ते ८० टक्के धरली तर १३०० वॅटसाठी तासाला साधारण १७० मिलिलिटर, म्हणजे आठ तासांच्या झोपेला दीड लिटरच्या आत काम होतं.

इथे बरेच जण चुकतात. "२ नको, ५ किलोवॅटचंच घेऊ!" मोठं यंत्र छोट्या तंबूत सतत मंद चालवावं लागतं. मंद ज्योतीत डिझेल नीट जळत नाही आणि आत काजळी धरते. म्हणून गरजेपुरतंच यंत्र घ्यावं, आणि बंद करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं जोरात चालवावं.

गच्चीवरची चाचणी

निघण्याआधी हॉस्टेलच्या गच्चीवर चाचणी घेतली. रेक्टर सर आवाज ऐकून वर आले. आम्ही स्वयंपाक करत नाही एवढी खात्री पटल्यावर तेही खुर्ची टाकून बसले. पण यंत्र काही पेटेना! दर वेळी पडद्यावर कमी व्होल्टेजचा एरर. बॅटरी तर पूर्ण भरलेली. शेवटी सरांनीच विचारलं, "वायर केवढी वापरलीय?"

तिथेच घोळ होता. चालू झाल्यावर यंत्र जेमतेम एक-दोन अँपिअर घेतं, पण सुरू होताना ग्लो प्लगला काही मिनिटं ८ ते १० अँपिअर लागतात. आम्ही टेबललॅम्पची बारीक, लांबलचक वायर जोडली होती. व्होल्टेज सगळं वायरीतच खर्ची पडत होतं. जाड आणि आखूड वायर लावली आणि पहिल्या फटक्यात यंत्र सुरू.

रात्रीचा हिशेब असा : सरासरी दीड अँपिअरने आठ तासांचे १२ अँपिअर-तास, वर सुरुवातीचा एखादा. पण कडाक्याच्या थंडीत लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता निम्म्यावर येऊ शकते, म्हणून आम्ही ४० अँपिअर-तासांची घेतली. लिथियम बॅटरी न्यायची असेल तर लक्षात ठेवा, शून्याखाली ती चार्ज करायची नसते.

स्पिती

हिवाळ्यात कुंझुम खिंड बर्फाने बंद असते, त्यामुळे शिमला-किन्नौरच्या वाटेने नाको, ताबो करत काझाच्या बाजूला गेलो. मुक्कामाच्या घरमालकांच्या परवानगीने त्यांच्याच अंगणात तंबू ठोकला. काही झालं तर दहा पावलांवर घर आहे, हा हिशेब. तो पुढे कामाला आला. त्या घरातली चूल, जिला तिथे तंदूर म्हणतात, तीही धुराड्याची. छतातून बाहेर गेलेली नळी बघून मला आमचा पत्र्याचा डबा आठवला आणि लाज वाटली.

पहिल्या रात्री पंप टिकटिक करतोय, पण ज्योत नाही. डिझेल आम्ही खाली मैदानातूनच भरून आणलं होतं. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं आणि फिल्टरमध्ये अडकतं. आमच्या कॅनमध्ये तर चक्क साजूक तूप तयार झालं होतं! इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते याचसाठी. एका स्थानिक ड्रायव्हरदादांनी आम्हाला थंडीत चालणारं डिझेल मिळवून दिलं. फिल्टर बदलला, यंत्र पेटलं, आणि बाहेर पाणी दगड झालेलं असताना आम्ही तंबूत टोपी काढून बसलो.

दुसऱ्या रात्रीची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही.

संध्याकाळपासून वारा होता. आम्ही यंत्र तंबूबाहेर ठेवलं होतं, सायलेन्सरची नळी वाऱ्याच्या खालच्या बाजूला वळवली होती. सगळं पुस्तकाप्रमाणे. मध्यरात्रीनंतर माझ्या रूममेटने डोकं दुखतंय म्हणून उठवलं. मी म्हटलं, "उंचीमुळे असेल, पाणी पी आणि झोप." आणि मी स्वतः झोपलो. मला आजही या वाक्याची भीती वाटते. कारण उंचीवरच्या आजाराची लक्षणं आणि कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं जवळजवळ सारखीच असतात : डोकेदुखी, मळमळ, गुंगी. उंचीवर गेलेला माणूस दोष उंचीलाच देतो, जसा आम्ही पिठल्याला दिला होता.

थोड्या वेळाने उशाजवळचा अलार्म किंचाळला. पडद्यावर १२० पीपीएम. आम्ही आधी गरम हवेचा पाइप तंबूतून ओढून बाहेर टाकला, दोन्ही चेनी उघडल्या आणि रूममेटला धरून घरात नेलं. पाइप आधी काढला याला कारण आहे. बटण बंद केलं तरी यंत्र थंड होईपर्यंत पंखा काही मिनिटं हवा ढकलतच राहतो. पहाटेपर्यंत त्याचं डोकं उतरलं. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर सुमारे तास-दीड तास.

सकाळी तपास केला. वारा रात्रीत फिरला होता. आमच्या यंत्राची तंबूसाठी हवा ओढणारी जाळी आणि सायलेन्सरचं तोंड यांच्यात जेमतेम दोन फूट अंतर. वाऱ्याने जळका वायू थेट त्या जाळीकडे लोटला आणि पंख्याने तो गरम करून आम्हाला पाठवला. दोन वेगळ्या वाटा यंत्राच्या आत वेगळ्या होत्या, बाहेर आम्हीच त्या जोडल्या होत्या!

त्यात भर उंचीची. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पासष्ट टक्के. पंखा तेवढीच हवा ओढतो, पण तिच्यात ऑक्सिजन कमी. पंप मात्र प्रत्येक टिकेला तेवढंच डिझेल सोडतो. मिश्रण रिच होतं, ज्वलन अर्धवट राहतं, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही वाढतात. काही यंत्रांत दाब मोजणारा सेन्सर असतो. आमच्यात नव्हता, आणि पंपाचा वेग कंट्रोलरवरून कमी करायचा हे आम्ही सकाळी केलं, आदल्या दिवशी नाही.

म्हणून, जाणार असाल तर

- यंत्र कायम तंबूबाहेर. आत फक्त गरम हवेचा पाइप.
- हवा ओढणारं तोंड आणि सायलेन्सरचं तोंड विरुद्ध बाजूंना हवं. आम्ही नंतर दुसरा पाइप लावून तंबूतलीच हवा यंत्राकडे परत नेली. हवा फिरती राहते, डिझेलही वाचतं. पण तंबूला वर-खाली हवेच्या फटी हव्यातच.
- सायलेन्सरची नळी चांगलीच तापते. नायलॉन तिच्यापासून दूर ठेवा, आणि तिच्या तोंडावर बर्फ साचत नाही ना, हे झोपण्याआधी पाहा.
- बॅटरी काढून यंत्र कधीही बंद करू नका. पंखा थांबतो, आतली उष्णता आतच राहते आणि यंत्र जळतं.
- अलार्म हवाच, तोही आकडा दाखवणारा. प्रमाण कमी असेल तर अलार्म उशिरा वाजतो. युरोपीय मानकानुसार १०० पीपीएमला तो १० ते ४० मिनिटांनी वाजतो, ३०० ला मात्र तीन मिनिटांच्या आत. हा वायू हवेइतकाच हलका-जड असल्याने सगळीकडे मिसळतो, तेव्हा अलार्म डोक्याजवळ ठेवा.
- डोकं दुखलं तर आधी बाहेर पडा, कारण नंतर शोधा.
- आणि हीटर आहे म्हणून स्लीपिंग बॅग हलकी नेऊ नका. यंत्र पहाटे तीनलाच बंद पडतं, हा निसर्गनियम आहे.

"आम्ही कुठे स्पितीला जाणार?" असं म्हणाल. नका जाऊ. पण बाहेर फ्लॅट करून राहणारे आपले कितीतरी मित्र खिडकी लावून घेतलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझर चालू ठेवून आंघोळ करतात. त्यातून जीव गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात आपण वाचतोच. तो तंबू आणि ती बाथरूम यांत काहीच फरक नाही. आज संध्याकाळी जाऊन ती खिडकी एकदा उघडते का ते बघा.

माझा रूममेट आज ठणठणीत आहे, आणि हा लेख वाचून माझ्याकडून चहा वसूल करणार आहे. "पाणी पी आणि झोप" या वाक्याचा दंड म्हणून. मी देणार आहे.