हात बसण्याची वाट किती दिवस पाहायची?

नाशिकच्या गंगापूर रोडवर कपड्यांची शोरूम आणि बुटीक वाढत चालली आहेत. काचेआड टांगलेले शेरवानी, सलवार-कमीज दिसतात. ते शिवणारे कारागीर मात्र मागच्या खोलीत असतात. आमचा धंदा कापडाचा, त्यामुळे या मंडळींशी नेहमीचे बोलणे. पंधरा वर्षे कात्री चालवलेल्या मास्टरला विचारा, "स्वतःचे दुकान कधी?" उत्तर ठरलेले असते. "चाचा, अजून हात बसला नाही. कटिंग येते, पण हिशेब येत नाही. थोडे थांबतो."

हे थोडे थांबणे कधी संपत नाही. गिऱ्हाईक कसे सांभाळायचे, उधारी कशी वसूल करायची, कापडाचा भाव कसा पाडायचा, या गोष्टी दुसऱ्याच्या मशीनवर बसून शिकता येत नाहीत. त्या स्वतःच्या गल्ल्यावर बसल्यावरच येतात. मग पूर्ण तयारी होण्याची वाट पाहणाऱ्याची तयारी पूर्ण होणार कशी?

याच नाशिक जिल्ह्यातल्या दादासाहेब फाळके यांची हकीकत धंदेवाल्यांनी धंद्याच्या नजरेने वाचावी. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. १९११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मुका चित्रपट पाहिला आणि असाच चित्रपट आपणही काढायचा असे ठरवले. त्या वेळी वय चाळिशीचे, घरात मुलेबाळे, आणि भागीदारांशी न पटल्यामुळे छपाईचा धंदा सुटलेला. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतले काम पाहिले. शिकायला मिळाले जेमतेम दोन आठवडे. एप्रिलमध्ये ते परत आले आणि कामाला लागले.

पण हे आंधळे धाडस नव्हते. चित्रकला, फोटोग्राफी, ब्लॉक तयार करणे, रंगीत छपाई, हे सारे त्यांनी वीस-पंचवीस वर्षे केले होते. रुपयातले बारा आणे हुनर हाती होते. राहिलेले चार आणे काम सुरू केल्याशिवाय येणार नव्हते, हे त्यांनी ओळखले.

पैसेवाल्यांची खात्री पटेना, तेव्हा त्यांनी नुसत्या गोष्टी सांगितल्या नाहीत. कुंडीत वाटाणा लावून त्याचे रोप कसे वाढते याचा छोटासा चित्रपट काढून दाखवला. आपण ज्याला नमुना दाखवणे म्हणतो, तेच हे. मग कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. तारामतीचे काम करायला बाई मिळेना, तर खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना घेतले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याच वर्षी फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला आणला.

पुढचा भागही लक्षात ठेवावा. १९१८ मध्ये भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. काम चालले, पण भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके काही काळ सारे सोडून काशीला गेले. हुनर कमी नव्हते; कमी पडला तो भागीदारीतला मेळ.

आपल्यातलेच उदाहरण हवे असेल तर मालेगावचे घ्या. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी चित्रपट काढण्याचे शिक्षण कुठे घेतले नव्हते. पार्लरमध्ये चित्रपट पाहून आणि त्यांची जोडणी करून जे कळले, तेवढ्या भांडवलावर त्यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' तयार केला. गावातलीच माणसे नट झाली. पुढे त्यांच्या कामावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट निघाला, आणि २०२५ मध्ये त्यांच्या हकीकतीवरचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट थिएटरात लागला.

आता गंगापूर रोडच्या मास्टरने काय करावे? पहिल्याच दिवशी मुख्य रस्त्यावर दुकान घेऊ नये. तिथले भाडे नव्या माणसाची कंबर मोडते. आधी घरी किंवा आतल्या गल्लीत एक मशीन टाकावे आणि दहा गिऱ्हाइकांचे काम वेळेवर देऊन दाखवावे. तो आपला वाटाण्याचा चित्रपट. घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला काढावेत आणि त्यांना हात लावू नये. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पी. एम. विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे. त्यात प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. त्याची चौकशी जरूर करावी.

व्याजाचे कर्ज नको म्हणून आपल्यात बरेच जण भागीदारीत उतरतात. उतरावे, पण तोंडी बोलीवर नाही. कोणाचे पैसे, कोणाची मेहनत, नफा-तोटा कसा वाटायचा, आणि वेगळे व्हायचे झाल्यास कसे, हे स्टॅम्प पेपरवर लिहावे आणि पेढीची नोंदणी करावी. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीला करारातल्या येण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही, आणि भागीदाराला भागीदारावर हक्क सांगणेही जड जाते. सख्खे भाऊ असले तरी लिहावे. लिहिल्याने नाते तुटत नाही, उलट टिकते.

ज्याच्या हातात बारा आणे हुनर आहे, त्याने उरलेल्या चार आण्यांसाठी आयुष्य घालवू नये. ज्याच्या हातात चारच आणे आहेत, त्याने मात्र उस्तादाकडे आणखी काही वर्षे जरूर बसावे. आपले किती आणे झाले, हे प्रत्येकाने आज रात्री प्रामाणिकपणे मोजावे.