टीबीच्या गोळ्या चालू, तरी खोकला थांबेना? फुफ्फुसाच्या कर्करोगाची तपासणी, नवी औषधे आणि या क्षेत्रातल्या नोकऱ्या

नांदेड/लातूर : महिना-दीड महिना खोकला, अंगातली ताकद गेलेली, वजन उतरलेले आणि एखाद्या दिवशी बेडक्यात रक्ताची रेघ. आपल्या भागात एवढे सांगितले की समोरचा माणूस लगेच म्हणतो, "टीबी असंल, सहा महिन्यांचा कोर्स घ्या, बरं होतंय." बऱ्याचदा ते खरेही असते. टीबी आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला आजार आहे आणि सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते. पण फुफ्फुसाचा कर्करोगही नेमक्या याच लक्षणांनी येतो. एक्स-रेमध्ये दोन्हींचे डाग कधी कधी इतके सारखे दिसतात की, थुंकी न तपासता नुसती फिल्म बघून टीबीची औषधे सुरू झाली, तर खरा आजार तीन-चार महिने आत वाढत राहतो. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत पोचणाऱ्या अनेक रुग्णांच्या पिशवीत आधीच्या टीबी कोर्सचे कागद सापडतात, ही डॉक्टरांची जुनी तक्रार आहे.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ८० हजारांवर नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७५ हजार जण दगावले. हे दोन आकडे इतके जवळ का, याचे मुख्य कारण उशीर हेच आहे.

चालू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करा, असा याचा अर्थ मुळीच नाही. थुंकीच्या तपासणीत, म्हणजे मायक्रोस्कोपखाली किंवा सीबीनॅट मशीनवर टीबी पक्का निघाला असेल, तर कोर्स पूर्ण करायचाच. प्रश्न आहे तो थुंकीत काही न सापडता औषध सुरू झालेल्यांचा. दीड-दोन महिने नियमित गोळ्या घेऊनही खोकला, ताप, वजन यांत फरक नाही, उलट धाप वाढली, आवाज बसला, छातीत पुन्हा पुन्हा पाणी भरू लागले किंवा बोटांची टोके फुगल्यासारखी गोल झाली, तर डॉक्टरांना सरळ विचारायचे : "साहेब, सीटी स्कॅन करून बघायचा का?" असे विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था इथे छातीरोगाचे विभाग आहेत. पहिली पायरी तिथेच चढता येते, त्यासाठी थेट मुंबई गाठण्याची गरज नाही.

"बिडी ओढत नाही, मला कसा होईल?"

बिडी-सिगारेट हे या आजाराचे सगळ्यात मोठे कारण आहे, त्यात शंका नाही. पण २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे जेमतेम ३.८ टक्के निघाले, तर तंबाखू, गुटखा, मिसरी असे तोंडातून घेणारे २४.४ टक्के. म्हणून आपल्याकडे तोंडाचा कर्करोग जास्त. फुफ्फुसाचा तुलनेने कमी दिसतो आणि कमी दिसतो म्हणूनच डॉक्टरच्या मनात लवकर येत नाही. कधीही बिडी न ओढलेल्या बायकांनाही तो होतो. चुलीचा धूर, घरातल्या दुसऱ्याच्या बिडीचा धूर, प्रदूषण ही त्याची काही कारणे. काही रुग्णांत मात्र कारण सापडतच नाही.

सुई लावली की गाठ पसरते?

पारावर सगळ्यात जास्त चालणारी अफवा हीच. "गाठीला हात लावू नका, सुई लावली की पसरते" असे ऐकून घरचे बायोप्सीला नकार देतात आणि दोन-तीन महिने झाडपाल्यात घालवतात. गाठ वाढायची ती त्या दोन-तीन महिन्यांत वाढते. सुईमुळे गाठ पसरण्याचा धोका अगदी नगण्य आहे. तुकडा न तपासता मात्र योग्य उपचार सुरूच होऊ शकत नाही. सीटीच्या मदतीने छातीतून सुई घालून किंवा घशातून दुर्बीण टाकून हा तुकडा काढतात.

गेल्या वीस वर्षांत खरा बदल झाला तो या तुकड्याचे पुढे काय होते, त्यात. पूर्वी "कर्करोग आहे" एवढे कळले की सगळ्यांना जवळपास एकच केमो. आता तुकड्यातल्या पेशींचे जनुक तपासतात. ईजीएफआर नावाच्या जनुकात बिघाड असेल, तर नेमक्या त्या बिघाडावर चालणारी गोळी घरी बसून घेता येते. भारतात फुफ्फुसाच्या अॅडेनोकार्सिनोमा या प्रकारात साधारण चारांतल्या एका रुग्णात हा बिघाड सापडतो आणि धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त. एएलके नावाचा दुसरा बिघाड त्याहून कमी जणांत असतो, पण त्याच्या गोळ्याही चांगल्या लागू पडतात. बिघाड नसेल तर या गोळ्यांचा उपयोग नाही. शेजारच्या गावातल्या कुणाला गोळीने बरे वाटले म्हणून तीच मेडिकलमधून आणणे म्हणजे पैसे पाण्यात.

ईजीएफआरच्या बाबतीत एक मोठा अभ्यास आपल्याच राज्यात झाला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांवर तुलना केली. निम्म्यांना नुसती जेफिटिनिब गोळी आणि निम्म्यांना गोळीसोबत केमो. नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, दोन्हींवर १६ महिने. एकत्र उपचारात गंभीर त्रासही साधारण दुप्पट रुग्णांना झाला, हे लपवून चालणार नाही. अशक्त रुग्णाला ते झेपेलच असे नाही. पण जेफिटिनिब भारतात जेनेरिक मिळते, त्यामुळे हा मार्ग सर्वसामान्य घराला निदान विचारात तरी घेता येतो.

ओसिमर्टिनिब ही नंतरची गोळी. आजार लवकर सापडून ऑपरेशन झालेल्या आणि ईजीएफआर बिघाड असलेल्या रुग्णांना ती दिली, तेव्हा पाच वर्षांनी १०० पैकी ८८ जण हयात होते. न दिलेल्यांत ७८. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या औषधावरची सीमाशुल्क आकारणी काढली. तरी ते अजून स्वस्त झालेले नाही.

दुसरा बदल इम्युनोथेरपीचा. कर्करोगाच्या पेशी आपल्या शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवून ठेवतात. ही सलाइनमधून दिली जाणारी औषधे त्या पहारेकऱ्यांना जागे करतात. या शोधाला २०१८ चे नोबेल मिळाले. अडचण एकच, किंमत. एकराचे एकर विकावे लागतील असे बिल होते. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी डोके आणि मानेच्या कर्करोगात, ज्यात तोंडाचा कर्करोगही येतो, निव्होलुमॅब हे औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी देऊन पाहिले. वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. फुफ्फुसासाठी कमी डोसचे अभ्यास सुरू आहेत, पण अजून तो नेहमीचा उपचार झालेला नाही.

पुढच्या टप्प्यातल्या रुग्णासाठी या औषधांचा अर्थ बहुधा "बरा झाला" असा नसतो; काही महिने, कधी काही वर्षे जास्त मिळतात, असा असतो. जमीन विकण्याआधी डॉक्टरांना हा हिशोब स्पष्ट विचारणे घरच्यांचा हक्क आहे. वेदना आणि धाप कमी करणारी उपशामक सेवा तर पहिल्या दिवसापासून मागावी. अमेरिकेतल्या २०१० च्या एका अभ्यासात ती लवकर सुरू झालेले फुफ्फुसाचे रुग्ण अधिक समाधानाने तर जगलेच, शिवाय अडीच महिन्यांहून जास्त काळ जगले.

कुठे जायचे, पैसे कसे?

लातूरमध्ये विवेकानंद रुग्णालयाचे कर्करोग केंद्र आहे. १९६६ मध्ये हे रुग्णालय उभारणाऱ्या डॉक्टरांपैकी डॉ. अशोक कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, त्यालाच राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. लातूरहून मुंबईची रेल्वे ज्या बार्शीवरून जाते, तिथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये इथेच सुरू झाली. पुढे बार्शीच्या डॉ. भगवान नेने यांच्यासह झालेल्या अभ्यासात आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांवर बायांनी भाग घेतला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला या खेड्यांनी दाखवले.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन अंगीकृत रुग्णालयात मोफत होते. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि आता सर्व रेशनकार्डधारक त्यात येतात. नवी महाग औषधे सगळीच यादीत असतील असे नाही. दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचे भाडे पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाकडून ठराविक नमुन्यात दाखला घ्यावा लागतो. देवगिरी, नंदीग्राम किंवा लातूर एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्यांना राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षांचा आधार आहे.

जाताना जुने एक्स-रे, सीटीच्या फिल्म आणि बायोप्सीचा "ब्लॉक" न्यायला विसरू नका. ब्लॉक म्हणजे मेणात जपलेला तोच तुकडा. तो रुग्णाच्या मालकीचा असतो, लॅबमधून मागून घेता येतो, आणि तो असेल तर बहुतेक वेळा पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

लातूर पॅटर्नच्या पोरांनी इकडेही बघावे

नीटच्या क्लाससाठी नांदेड-लातूरच्या खोल्यांत राहणाऱ्या हजारो मुलांना एमबीबीएसपुढे हृदय आणि हाडे एवढेच दिसते. कर्करोगतज्ज्ञ होण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता एमडी रेडिएशन ऑन्कोलॉजी. एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच आणि वर तीन, अशी साडेआठ वर्षे. औषधोपचाराचे डीएम किंवा ऑपरेशनचे एमसीएच करायचे तर एमडी-एमएसनंतर आणखी तीन.

नीट निघाली नाही म्हणून रडत बसायचे कारण नाही. रेडिएशनचे मशीन डॉक्टर एकटा चालवत नाही. डोसचे गणित मेडिकल फिजिसिस्ट करतो. एमएस्सी फिजिक्सनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक वर्षाचा रेडिओलॉजिकल फिजिक्स डिप्लोमा हा त्याचा नावाजलेला मार्ग, आणि स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात फिजिक्स शिकणाऱ्या पोराला तो कोणी सांगतच नाही. रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट, केमो देणारी प्रशिक्षित नर्स, पॅथॉलॉजी लॅबमधले तंत्रज्ञ, कर्करोग नोंदणीचे कर्मचारी, समाजसेवक ही कामे वेगळीच. टाटा मेमोरियलने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसोबत पदवीधरांसाठी "केवट" हा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केला. रामाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याचे नाव. काम तेच : कागदपत्रे, तपासण्या आणि विभागांच्या चक्रव्यूहातून रुग्णाला पार नेणे. मराठवाड्याची बोली कळणारा असा माणूस परळच्या रांगेत भेटला, तर आपल्या माणसाला काय वाटेल हे सांगायला नको.

फी भरण्याआधी एक चौकशी मात्र करा. गल्लोगल्ली "पॅरामेडिकल" बोर्ड लागलेले आहेत. रेडिएशनच्या कामाला अणुऊर्जा नियामक मंडळाला मान्य असलेली पात्रताच लागते, आणि इतर तंत्रज्ञ कोर्ससाठी संस्थेला कोणत्या विद्यापीठाची किंवा परिषदेची मान्यता आहे ते लेखी मागा.