बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या वेदनेवर औषधांच्या जोडीला साधे उपाय

पनागर (जि. जबलपूर, मध्य प्रदेश) : अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाच्या घशात नळी असल्याने त्याला आपली वेदना सांगता येत नाही. अशा रुग्णांची वेदना ओळखून ती कमी करण्यासाठी वेदनाशामक औषधांसोबत बर्फाचा शेक, संगीत, मालिश यांसारख्या उपायांचाही उपयोग होऊ शकतो.

पनागर हे जबलपूरपासून सुमारे १५ किलोमीटरवर, कटनी मार्गावर वसलेले आहे. अशा लहान गावांतील अत्यवस्थ रुग्णांना बहुधा जिल्ह्याच्या शहरात हलवावे लागते. नातेवाइकांना ठरावीक वेळीच भेटता येते. त्या थोड्या वेळेतही त्यांची मदत मोलाची ठरते.

अतिदक्षता विभागातील वेदना केवळ आजाराची किंवा शस्त्रक्रियेच्या जखमेची नसते. कूस बदलणे, श्वासनलिकेतील स्राव शोषून काढणे, छातीतील नळी काढणे या नेहमीच्या प्रक्रियांतही रुग्णाला वेदना होतात. रुग्ण खुणेने सांगू शकत असल्यास त्याला शून्य ते १० या श्रेणीत वेदना विचारली जाते. ते शक्य नसल्यास चेहऱ्यावरील भाव, शरीराची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणे या चार लक्षणांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देण्याची पद्धत आहे. केवळ नाडी किंवा रक्तदाबावरून वेदनेचा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही.

अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन’ने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत मालिश, संगीत, शिथिलीकरण आणि प्रक्रियेपूर्वी थंड शेक हे उपाय सुचवले आहेत. छातीतील नळी काढण्यापूर्वी कापडात गुंडाळलेला बर्फ तिच्याभोवती सुमारे १० मिनिटे ठेवणे, हे त्याचे एक उदाहरण. आभासी वास्तव आणि संमोहन यांची मात्र शिफारस त्यात नाही. सुचवलेल्या उपायांमागील पुरावाही फार भक्कम नाही. तथापि ते कमी खर्चाचे आणि सामान्यतः सुरक्षित आहेत.

स्पर्शाने वेदना का कमी होते, याचे एक स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांतात आहे. स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना काही प्रमाणात अडवतात, असे हा सिद्धांत सांगतो.

हे उपाय औषधांना पर्याय नाहीत. अफूजन्य वेदनाशामकांमुळे श्वसन मंदावणे, गुंगी, बद्धकोष्ठता असे त्रास संभवतात. पूरक उपायांमुळे अशा औषधांची गरज काही अंशी घटू शकते. मात्र पायात रक्ताची गुठळी, अस्थिभंग किंवा जखम असल्यास मालिश धोकादायक ठरू शकते. त्यामुळे परिचारिकेला विचारल्याशिवाय ती करू नये.

रुग्णाला कोणते संगीत आवडते, जुनी पाठदुखी आहे का, तो कोणत्या कुशीवर झोपतो, चष्मा किंवा श्रवणयंत्र वापरतो का, ही माहिती नातेवाइकांनी परिचारिकांना द्यावी. घरात मराठी किंवा बुंदेली बोलली जात असल्यास रुग्णाशी त्याच भाषेत संथपणे बोलावे.

बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, हे आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मधील सुधारित व्याख्येसोबतच्या टिपणांत स्पष्ट केले आहे. म्हणूनच ‘प्रकृती कशी आहे’ या प्रश्नासोबत ‘आज वेदना तपासली का’ हा प्रश्नही नातेवाइकांनी विचारणे आवश्यक आहे.