पानांचा पाण्याचा हिशेब

वैशाखातल्या भर दुपारी महामार्गाच्या दुभाजकावर फुललेली कण्हेर तुम्ही पाहिली असेलच. शेजारचे गवत केव्हाच वाळलेले असते. ही मात्र हिरवीगार. टँकरचे पाणी तिला अधूनमधून मिळते हे खरे, पण तेवढ्यावर नाजूक पानांचे झाड तगले नसते. मग हिचे रहस्य काय? ते पानात आहे, आणि ते उकलायला थोडे पदार्थविज्ञान लागते.

अन्न तयार करण्यासाठी पानाला कार्बन डाय-ऑक्साइड हवा असतो. तो पर्णरंध्रांतून आत येतो. पण दार उघडले की आतली वाफ बाहेर निसटते. हा व्यवहार किती तोट्याचा आहे पाहा. ३० अंश सेल्सिअस तापमानाला पानातली हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. म्हणजे तिच्यात सुमारे ४ टक्के वाफ असते. बाहेरची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के धरली, तर बाहेर २ टक्के. फरक २ टक्क्यांचा. कार्बन डाय-ऑक्साइड मुळात हवेतच सुमारे ०.०४ टक्के, त्याचा आतबाहेरचा फरक त्याहूनही कमी. विसरण होते ते या फरकाच्या प्रमाणात. शिवाय पाण्याचा रेणू हलका, म्हणून अधिक चपळ. परिणामी कार्बन डाय-ऑक्साइडचा एक रेणू मिळवताना पाण्याचे काही शे रेणू गमवावे लागतात!

कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तिने केलेला बंदोबस्त दिसतो. वर जाड, मेणचट उपत्वचा. तिच्याखाली अपित्वचेचा एक नव्हे, अनेक थर. रंध्रे फक्त खालच्या बाजूला, तीही खोल खळग्यांत. आणि खळग्यांत केसांची दाटी. तिथवर वारा पोचत नाही, म्हणून वाफेला निश्चल हवेतून वाट काढावी लागते. या खळग्यांमुळे पाणी नेमके किती वाचते, याविषयी मात्र शास्त्रज्ञांत दुमत आहे. जाड पानात खोलवर कार्बन डाय-ऑक्साइड पोचवणे हेही अशा खळग्यांचे काम असावे, असे काहींना वाटते. मला हा विचार पटण्याजोगा वाटतो.

कमळाची गोष्ट उलटी. त्याच्या तरंगत्या पानाची खालची बाजू पाण्याला टेकलेली, म्हणून रंध्रे वरच्या बाजूला. तिथे पावसाचे पाणी साचले तर दारेच बंद व्हायची! पण पानावरच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांवर मेणाचे आवरण असते. थेंब त्यांच्या टोकांवरच राहतो आणि घरंगळून जातो.

आता तुम्ही एक प्रयोग करा. आंब्याची सारख्या आकाराची चार पाने घ्या. एकाला वरून, दुसऱ्याला खालून, तिसऱ्याला दोन्हीकडून व्हॅसलीन लावा. चौथे तसेच ठेवा. देठांनाही व्हॅसलीन फासून पाने दोरीवर टांगा आणि रोज ठरावीक वेळी त्यांचे वजन करा. (कण्हेरीची पाने घेऊ नका, ती विषारी असतात.) कोणते पान सर्वांत आधी सुकेल? वजन करण्यापूर्वीच उत्तर वहीत लिहून ठेवा.