रुग्णेचा नकार आणि डॉक्टरची नोंद

प्रसूतिगृहात येणारी स्त्री बहुधा आजारी नसते. म्हणूनच डॉक्टरने सुचविलेली शस्त्रक्रिया किंवा कळा आणणारे औषध तिला अनावश्यक वाटणे शक्य असते. तिने नकार दिला, तर दोन जीवांची काळजी वाहणाऱ्या डॉक्टरने काय करावे?

1987 साली अमेरिकेत, वॉशिंग्टन येथे, कर्करोगाने मरणोन्मुख झालेल्या एका गर्भवतीवर तिच्या संमतीवाचून, न्यायालयाच्या आदेशाने, सिझेरियन शस्त्रक्रिया करण्यात आली. बालक काही तासांतच दगावले. दोन दिवसांनी माताही गेली. 1990 साली वरिष्ठ न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि जवळजवळ सर्वच प्रसंगी निर्णय गर्भवतीचाच असावा, असे सांगितले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली असा निर्णय दिला की, सज्ञान स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईच्या संमतीने तिचे गर्भाशय काढणे वैध नव्हे. विलंबाने जीव धोक्यात येत असेल, तरच अपवाद. पतीची किंवा सासूची सही म्हणजे रुग्णेची संमती नव्हे, हे यावरून उघड होते.

नकार ऐकताच वाद न घालता प्रथम त्याचे कारण विचारावे, आणि तेही शक्यतो नातेवाईकांना बाहेर पाठवून. कारण कधी भीती असते, कधी धर्मश्रद्धा, कधी निव्वळ पैशाची अडचण. अडचण पैशाचीच असेल, तर तो खरा नकार नव्हे. तेथे सोय करावी लागते, सही नव्हे.

त्यानंतर धोका सोप्या भाषेत सांगावा. पूर्वी एकदा सिझेरियन झालेली स्त्री नैसर्गिक प्रसूतीचा आग्रह धरते, असे समजू. ‘धोका आहे’ एवढेच म्हणणे पुरेसे नाही. जुना व्रण उसवण्याचा संभव साधारणतः दोनशेत एक असतो, तसे घडल्यास माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतू शकते, आणि शस्त्रक्रियेलाही स्वतःचे धोके आहेत, हे सारे तिला कळले पाहिजे.

नोंद त्याच वेळी करावी. तीत दिनांक व वेळ, माता व बालक यांची स्थिती, दिलेला सल्ला, सांगितलेले धोके व पर्याय, संभाषणाची भाषा, उपस्थितांची नावे आणि नकाराचे कारण रुग्णेच्याच शब्दांत असावे. ‘रुग्णा ऐकत नाही’ असे शेरे लिहू नयेत. तिने सही नाकारल्यास तसे लिहून साक्षीदाराची सही घ्यावी. मागाहून खाडाखोड करू नये. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णांचे कागद तीन वर्षे जपावे लागतात, आणि मागणी केल्यास 72 तासांत द्यावे लागतात.

नकार दिला म्हणून रुग्णेला वाऱ्यावर सोडता येत नाही. तिला मान्य असलेले उपचार चालूच ठेवावे लागतात. शिवाय प्रसूतीत परिस्थिती घटकेघटकेला पालटते. बालकाचे ठोके मंदावले, तर तिला पुन्हा विचारावे आणि नवी नोंद करावी. सकाळी ‘नको’ म्हणणारी स्त्री दुपारी ‘हो’ म्हणू शकते. सकाळच्या सहीने तो मार्ग बंद होता कामा नये.