काटकसर कीं कद्रूपणा?

काटकसर हा सद्गुण खरा. पण ती कोठें करावी, याला विवेक लागतो. जर्मनींतील फोक्सवॅगन कंपनीची 'गोल्फ' ही लहान मोटार १९७४ सालीं निघाली आणि मध्यमवर्गीय कुटुंबांची आवडती झाली. २००३ सालच्या पांचव्या पिढींत मागील प्रत्येक चाकाला अनेक दांड्यांचा स्वतंत्र आधार मिळाला. रचना उत्तम, पण खर्चिक. म्हणून २०१२ सालच्या सातव्या पिढींत कमी शक्तीच्या गाड्यांना पुन्हां पूर्वीसारखा साधा आंस बसविला. नित्याच्या प्रवासांत हा फरक सहसा जाणवत नाहीं.

२०१९ सालच्या आठव्या पिढींत मात्र कात्री हाताशीं येणाऱ्या वस्तूंवर चालली. तापमान व आवाज कमीजास्त करण्यासाठीं बोट फिरवावयाच्या पट्ट्या आल्या, आणि त्यांत दिवाही नाहीं! रात्रीं चालकानें रस्ता पाहावा कीं पट्टी चांचपावी? गिऱ्हाइकांनीं तक्रारी केल्या. अखेर २०२४ सालीं पट्ट्यांत दिवे लागले आणि स्टिअरिंगवर दाबावयाचीं बटणें परत आलीं.

घरांत तरी निराळें काय? सणाचें एक पक्वान्न कमी केलें, तर कोणाचें अडत नाहीं. जिन्यांतला दिवा मालवून वांचविलेले पैसे मात्र एके दिवशीं हाडवैद्याच्या हातीं ठेवावे लागतात.